पवईकरांच्या शोधात

कराडच्या स्टँडवरून मुंबईची एस.टी. हलली तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि तिच्यात जॅमच्या रिकाम्या बाटल्या. उकळून, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. गाडीने जरा उडी मारली की त्या आपापसात किणकिणत. शेजारच्या आजोबांनी उंब्रजपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "लोणचं का?"

"नाही, रिकाम्या आहेत. येताना चिखल भरून आणायचाय."

आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते जे खिडकीकडे तोंड करून बसले, ते पुण्याला उतरेपर्यंत. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मुंबईला लोक नोकरीसाठी जातात, दवाखान्यासाठी जातात, नाहीतर समुद्र बघायला जातात. चिखल आणायला निघालेली बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली असणार.

वाचकांनी खिडकीकडे तोंड करू नये म्हणून आधीच सांगून टाकते. मी आमच्याकडच्या एका कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवते. मातीत काही जीवाणू असे असतात, की ते आसपास दुसऱ्या जंतूंना फिरकू देत नाहीत. स्वतःभोवती औषध सोडतात. आपण डॉक्टरकडून घेतो त्यातली कितीतरी औषधं या मातीतल्या मंडळींचीच देणगी आहे. असा कोणी नवा सापडतो का, हे बघणं हे माझ्या पीएच.डी.चं काम. त्यासाठी मी जिथून मिळेल तिथून माती मागवत असे. माहेरपणाला आलेल्या मैत्रिणी नव्या साड्या दाखवायच्या आणि मी म्हणायची, "ते राहू दे गं, माती आणलीस का?"

शैला ही माझी बालमैत्रीण. लग्न होऊन अंधेरीजवळ मरोळला गेलेली. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माहेरी येताना तिने पवई तलावाची माती आणली. एवढीशी पुडी, करड्या रंगाची, आणि तिच्यात बारीक तांबडे कण. त्या पुडीतून जो जीवाणू निघाला तो लाखात एक होता. पू करणारे जंतू काचेच्या बशीत पसरून वाढवले की बशी दुधाळ दिसते. याला मधोमध ठेवला, की त्याच्याभोवती स्वच्छ गोल वलय पडायचं. त्या वलयात एक जंतू टिकत नसे. दिसायला हा पांढुरका, खडूची पूड सांडल्यासारखा, आणि वास भिजलेल्या ढेकळाचा. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'पवईकर' म्हणू लागले. आमचा शिपाईसुद्धा सकाळी आल्या आल्या विचारायचा, "बाई, पवईकर बरे आहेत ना?"

पवईकर बरे नव्हते. या जातीला नळीत गोडधोड घालून पुन्हा पुन्हा वाढवत राहिलं, की कधी कधी ती आळशी होते. वाढते झकास, पण औषध करणं सोडून देते. पवईकरांचं वलय लहान लहान होत गेलं आणि एक दिवस पुसूनच गेलं. राखून ठेवलेल्या नळ्या होत्या, तर वीज गेली ती दिवसचे दिवस आलीच नाही, आणि फ्रिजमध्ये त्याही नासल्या. मला मार्गदर्शन करणारे सर म्हणाले, "विमल, तिथलीच माती पुन्हा आणा. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. या उन्हाळ्यात पवईकर सापडले, तर मी असेपर्यंत तुमचा प्रबंध पुरा होईल. नाही सापडले तर..." माझं सगळं काम एका पांढऱ्या ठिपक्यावर उभं होतं आणि तो ठिपकाच उरला नव्हता. मी घरी येऊन चक्क रडले. यजमान म्हणाले, "सुट्टी आहे, जाऊन ये. पोरांचं नि आईचं मी बघतो." आमटीत मीठ केव्हा घालतात हेही त्यांना माहीत नव्हतं, तरी ते असं म्हणाले. हे उपकार मी अजून विसरलेले नाही.

पनवेल मागे पडलं, खाडीचा पूल आला, आणि मुंबई दिसायच्या आधी तिचा वास आला. आधी खारट चिखलाचा. मग चेंबूर जवळ येऊ लागलं तसा रॉकेलच्या डब्याचं झाकण काढल्यासारखा. "माहुल," कंडक्टरने डावीकडे हात केला. "तेलाचे कारखाने, आणि त्यांना लागून कोळीवाडा. वारा फिरला की कधी तेल, कधी सुकट." हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं, की मीही मान वाकवून त्या धुराड्यांकडे नीट पाहून घेतलं.

कुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर शैलाचे यजमान, दत्तारामभावोजी, घ्यायला आले होते. उंच, किडकिडीत, कामापुरतं बोलणारा माणूस. पूर्वी ते परळच्या एका गिरणीत होते. संपात गिरणी गेली ती गेलीच, आता मरोळमध्येच एका कारखान्यात खोकी बांधायचं काम करत होते. त्यांनी माझी पिशवी उचलली, ती वाजली.

"ताई, काय आहे यात? सोडावॉटर?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि पिशवी खांद्याला लावून बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. या माणसाने पुढच्या सगळ्या मुक्कामात मला एकदाही 'कशाला' असं विचारलं नाही.

मरोळची त्यांची खोली चाळीच्या टोकाला होती. बाहेर कठड्याला पत्र्याच्या डब्यात तुळस, आत एक पलंग, भिंतीवर शैलाच्या सासऱ्यांचा फोटो, आणि कोपऱ्यात फळीवर देव. एवढ्या जागेत शैला, भावोजी, दोन मुलं आणि सासूबाई राहत होत्या, आणि आता त्यात मी. मला अवघडल्यासारखं झालं. पण सासूबाईंनी, त्यांना मी मावशी म्हणायची, अवघडायला सवडच दिली नाही. त्या मालवणकडच्या, मुंबईत उभा जन्म गेला तरी बोलणं गावचंच.

"इलंस? बस गो चेडवा. आधी जेव."

"मावशी, उजेड आहे तोवर तलाव एकदा बघून..."

"चिखल खय पळान जाणा नाय. जेव."

जेवायला कुळथाची पिठी होती (आपल्याकडच्या हुलग्याच्या पिठाचं पातळ पिठलं म्हणा), तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. गाडीत दिवसभर चेंगरून निघाल्यावर ते जेवण पोटात गेलं आणि मला मुंबई एकदम आवडली. जेवता जेवता मी शैलाला विचारलं, की तेव्हाची माती तलावाच्या नेमक्या कुठल्या बाजूची होती?

"मला काय माहीत? मी आईंना सांगितलं होतं, कोणाकडून तरी मागवून ठेवा म्हणून. निघायच्या दिवशी त्यांनी पुडी हातात दिली."

मी मावशींकडे वळले. "कुठली होती हो ती माती?"

"गणपती जातत थयची," मावशी म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी पिठी वाढली.

म्हणजे विसर्जनाची जागा. मला हायसं वाटलं. मालवणचा त्यांचा घरचा गणपती धाकट्या दिराकडे बसतो. इथे मरोळला त्यांचा दीड दिवसाचा असतो आणि तो पवईला पोचवतात, हे शैलाने मागे कधी तरी सांगितलंच होतं. जागा कळली, खूणही ठाऊक होती, तांबडे कण. उद्या संध्याकाळी पवईकर माझ्या बाटलीत असतील, असं मनाशी म्हणत मी झोपले.

सकाळी शैला आणि मी साकीनाक्याला बस बदलून पवईला उतरलो. तलाव पाहून मी खरंच थबकले. एका बाजूला टेकड्या, दुसऱ्या बाजूला ट्रकांची वर्दळ, आणि मध्ये हे एवढं शांत पाणी. मे महिन्यामुळे पाणी आत सरलं होतं आणि काठाला काळ्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, वरून वाळून तडकलेला, खाली लोण्यासारखा मऊ. जलपर्णीवर बगळे उभे होते. विसर्जनाच्या पायऱ्यांखाली मूर्तींच्या लाकडी चौकटी, फाटकी तोरणं आणि एक मातीचा हात पडला होता. शैलाने त्या हाताला नमस्कार केला. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि चमचा घेऊन चिखलात उतरले.

तांबडा कण काही दिसेना. वरचा थर पाहिला, खालचा पाहिला, पायऱ्यांच्या डावीकडे पाहिला, उजवीकडे पाहिला. सगळं काळं. थोडं पुढे एक टोपीवाले गृहस्थ गळ टाकून बसले होते. बराच वेळ त्यांनी सोसलं.

"ओ मॅडम, काय सोनंबिनं पडलं काय?"

"माती शोधतेय. तांबडे कण असलेली."

"तांबडी? तांबडी तिकडे आरेत. इथे सगळा काळा माल. आणि तुम्ही तिथनं जरा मागे या ना. मगर असते इथे."

"मगर?"

"रोज नाय दिसत. पण असते."

मी मागे आले ते इतक्या घाईने, की पाय रुतून बसला. शैला काठावरून हात देत होती आणि हसत होती, आणि हसता हसता तीही घसरली. शेवटी त्या गृहस्थांनीच गळ ठेवून आम्हा दोघींना ओढून काढलं. मगर बिचारी कुठे होती कोण जाणे; माझी काठावर काढलेली एक चप्पल मात्र कुत्र्याने नेली. त्या गृहस्थांनी आम्हाला थर्मासमधला चहा दिला आणि हात धुवायला आपलं पिण्याचं पाणीही. मासे पळवले म्हणून चिडायचं सोडून माणूस चहा पाजतो, याला काय म्हणावं?

बाटल्या मी भरल्याच. काळा तर काळा, जागा तीच होती. आता त्या मुलुंडला न्यायच्या होत्या. तिथल्या एका कॉलेजात माझी एम.एस्सी.ची मैत्रीण नलिनी शिकवत होती आणि सुट्टीत तिची प्रयोगशाळा रिकामी होती. शैलाला घरी पाठवून मी मुलुंडच्या बसमध्ये चढले, एका पायात शैलाची चप्पल, एका पायात माझी. भांडुप येईतो बसमधले लोक माझ्यापासून सरकून बसले होते. तळ्याच्या तळाचा चिखल नासक्या अंड्यासारखा वास मारतो, हे मी विसरलेच होते. कंडक्टर आला.

"काय आहे बाई? मासळी?"

"माती आहे."

"मुलुंडला माती नाय काय? पवईहून घेऊन चाललात ती?"

बस हसली. मीही हसले, आणि मग त्यानेच दाराजवळची वाऱ्याची जागा मला करून दिली.

नलिनी तोंडाने फटकळ. दारातच म्हणाली, "तू हे घेऊन बसने आलीस? वाट लागली असेल त्या बसची!" पण टेबल पुसलेलं होतं, बशा उकळून तयार होत्या, आणि किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. "मे महिन्यात कोण येतंय इथे? सगळं तुझंच समज." चिखल गच्चीवर उन्हात दोन दिवस वाळवला, पाण्यात कालवला, बशांवर पसरला आणि बशा उबेच्या कपाटात ठेवल्या. पवईकरांची जात सावकाश वाढणारी. आठवडाभर तरी वाट बघणं आलं.

मधल्या दिवसांत मी तांबड्या मातीमागे आरे कॉलनीत गेले. गोरेगावकडे जाणारी बस झाडांतून वळणं घेत जाते, मध्येच म्हशींचे गोठे, शेणाचा वास, आणि मुंबई कुठे गेली असं वाटावं अशी सावली. दुधाच्या केंद्रावर गार केशरी दूध प्यायले आणि पाड्यावरच्या एका बाईकडून करवंदं घेतली.

"तांबडी माती? वाटंवर हाय की सगळी," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, टोपली दुसरीच्या हवाली करून ती मला घेऊन ओढ्यापर्यंत आली. तिथे मुरूम होता, छान तांबडा. पावसाळ्यात इथलंच पाणी वाहत तलावात जात असेल आणि कण नेत असेल, असं माझं मी जुळवलं आणि तीही माती बाटलीत भरली. करवंदांचे पैसे तिने घेतले, ओढ्यापर्यंत आल्याचे काही केल्या घेतले नाहीत.

आठवड्याने नलिनीने कपाट उघडलं. बशा बुळबुळीत साईने भरून गेल्या होत्या. ओल्या चिखलातले झपाट्याने वाढणारे जीवाणू सगळीकडे पसरले होते. सावकाश वाढणाऱ्याला पाय टेकायला जागा नव्हती.

"भरपूर उगवलंय की," नलिनी म्हणाली.

"उगवलंय सगळं. हवा तोच नाही."

कडेकडेने दोन-चार पांढरे ठिपके होते. ते उचलून पुवाच्या जंतूंसमोर बसवले. वलय नाही. आरेची माती, तिथेही नाही. पुन्हा पवईला गेले, पुन्हा चिखल, पुन्हा बस, पुन्हा वाट बघणं. पुन्हा साय. संध्याकाळी मरोळला आले की मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता कोकमाचं सार पुढे करायच्या. भावोजी एकदा कामावरून येताना नवीन चपलांचा जोड घेऊन आले, अगदी मापाचा. ही माणसं इतकं करत होती आणि मी रोज हात हलवत परत येत होते, याचीच मला जास्त लाज वाटायला लागली.

सुट्टी संपत आली. शेवटच्या बशांतही वलय उमटलं नाही. नलिनी म्हणाली, "तो उरलेला चिखल तरी फेकून दे, उगाच ओझं." पण फेकवेना. बाटल्या तशाच पिशवीत भरल्या. सरांना काय सांगायचं, ते मी मनातल्या मनात जुळवत होते. प्रत्येक वाक्य 'नाही'ने संपत होतं.

निघायच्या दिवशी भावोजी रिक्षा आणायला गेले. शैलाने मला हळद-कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. मी मावशींना वाकून नमस्कार केला.

"उबी रव. परवासाक जातंस," म्हणत त्या देवाच्या फळीकडे वळल्या. समईशेजारी, देवांच्या मागे, एक नारळाची करवंटी होती. इतके दिवस मी ती पाहत होते आणि तिच्यात अंगारा असेल असं धरून चालले होते. मावशींनी तिच्यातली चिमूट माझ्या कपाळाला लावली आणि बोटांना उरलेली माझ्या तळहातावर झटकली.

मी तळहाताकडे पाहिलं. करडी, कोरडी माती. आणि तिच्यात बारीक तांबडे कण.

"मावशी, हे काय आहे?"

"गणपतीची माती गो. पोचवून येताना पाटार घालून तळातली मूठभर हाडतत नाय? ती. वर्सभर देवाकडे रवता. नवी इली की जुनी तुळशीत."

"आणि शैलाबरोबर मला दिली होती ती?"

"तीव अशीच. त्या वर्साची. तू तळ्याची माती मागलंस, घरात होती ती दिलंय. त्या उन्हात तळ्यार कोणाक धाडू?"

शैलाने कपाळावर हात मारला. "आई! ही दोन-तीन आठवडे तळं उपसतेय. तुम्ही बोलला का नाहीत?"

"माका कोणी इचारल्यान? तिणा इचारल्यान खयची, मी सांगलंय. खोटा सांगलंय?"

खोटं कुठे होतं? मीच 'कुठली' विचारलं होतं, 'कधीची' विचारलं नव्हतं. मला हसू आलं. त्या तांबड्या कणांबद्दल मी सरांना मोठ्या ऐटीत 'लोहयुक्त कण' असं लिहून दिलं होतं, आणि त्यांच्यामागे मी आरेचा ओढा उकरून आले होते. ते मूर्तीवरून पाटावर सांडलेलं पिंजर (कुंकू) होतं. विसर्जनाहून परत येताना पाटावर ठेवून आणलेल्या तळ्याच्या मूठभर मातीत मिसळलेलं.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. माझा चिखल दोन दिवस वाळला होता. ही माती भाद्रपदापासून समईच्या उबेत कोरडी पडून होती. ओलाव्यावर जगणारे ते बुळबुळीत जीवाणू इतक्या महिन्यांत मरून गेले असणार, आणि उरले असणार ते कोरड्यात बी धरून बसणारे. पवईकर त्यातलेच. नक्की असंच झालं असेल, हे आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचतही नव्हतं.

"मावशी, यातली थोडी मला द्याल?"

त्यांनी करवंटी तिरकी करून आत पाहिलं. करवंटीत जेमतेम दोन-तीन चमचे माती होती. "ही सरूक नये घरातली," त्या म्हणाल्या. "करवंटी रिकामी होता नये चवथीपर्यंत. काय करतलंस ह्येचा?"

मी खरं ते सांगितलं. पाण्यात कालवणार, बशीत पसरणार, आणि शेवटी उरलेलं वाफेत उकळून काढावं लागणार, तसा नियमच असतो. देवाची माती उकळणार हे ऐकून शैलाने माझ्याकडे डोळे वटारले. मावशी मात्र म्हणाल्या, "आमी पाण्यात बुडवतंव, तू वाफेत बुडव. तेचा काय नाय." मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "तेंचो पाय पिकलेलो. खिळो लागलो गिरणीत. डॉक्टरांनी सुयो दिल्यानी, पण कसलोच गुण येय ना. त्यातच गेले. ह्येच्यान तसो पाय बरो होतलो?"

'हो' म्हणणं सोपं होतं. माझी सगळी वर्षं त्या करवंटीत होती आणि एका 'हो'ने ती मिळाली असती. पण ज्या बाईने इतके दिवस मला पोटच्या पोरीसारखं जेवू घातलं तिच्याशी खोटं बोलवेना.

"ठाऊक नाही मावशी. बशीतले जंतू मरतात एवढंच मी पाहिलंय. माणसापर्यंत पोचायला फार वर्षं लागतात. बहुतेक वेळा पोचतही नाही."

"मगे कित्याक करतंस?"

"सगळ्यांनी सोडून दिलं, तर एकही पोचणार नाही म्हणून."

बाहेर रिक्षा येऊन उभी राहिली, भावोजींनी हाक मारली. मावशींनी फळीवरून कुंकवाचा जुना लाकडी करंडा काढला. सासरे गेल्यापासून तो रिकामाच असावा. त्यात त्यांनी करवंटीतली बरोबर अर्धी माती घातली, झाकण लावलं आणि माझ्या हातात ठेवला. "अर्धी ने. अर्धी हय रवांदे."

मी परत वाकले, त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "जा, रिक्षा खोळंबली."

परतीच्या गाडीत बाटल्यांची पिशवी पायाशी होती आणि करंडा मुठीत. चेंबूरजवळ पुन्हा तो वास आला, खाडी आली, घाट आला. झोप लागली तरी मूठ सुटली नव्हती, असं शेजारच्या बाईंनी पुण्याला चहाला उठवताना सांगितलं.

घरी आमटीला चव आली होती, हे आवर्जून लिहायला हवं. दुसऱ्याच दिवशी चिमूटभर माती बशीवर पसरली. या वेळी साय आली नाही. बशीवर मोकळी जागा होती आणि तिच्यात ठिकठिकाणी खडूच्या पुडीसारखे ठिपके. झाकण उचललं आणि भिजलेल्या ढेकळाचा वास आला. ठिपके एकेक करून तपासत गेले, आणि एकाभोवती स्वच्छ, गोल वलय उभं राहिलं. मी सरांना बोलावलं. सरांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पुसला. "आले की," एवढंच म्हणाले. शिपायाने न सांगता पेढे आणले.

मग सरांनी जे विचारायचं ते विचारलं. "विमल, आता यांना सांभाळणार कसं? मागल्यासारखं झालं तर?"

माझ्या डोळ्यांसमोर समईशेजारची करवंटी आली. गोडधोड नाही, फ्रिज नाही, विजेची वाट बघणं नाही; नुसती कोरडी माती. या जातीला निर्जंतुक मातीत वाळवून ठेवावं असं पुस्तकात लिहिलेलं होतंच. मी ते वाचलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. कधी करून मात्र पाहिलं नव्हतं. बसमधल्या लोकांनी नाकं मुरडलेला तो पवईचा चिखल मी बाटल्यांतून काढला, कडकडीत वाळवला, पुन्हा पुन्हा वाफवून त्यातला जीव न् जीव काढला, काचेच्या नळ्यांत भरला आणि त्यात पवईकरांना बसवून नळ्या वाळवल्या. फेकला नाही तेच बरं झालं.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, शैला मुलांना घेऊन माहेरी आली आणि आल्या दिवशीच प्रयोगशाळेत टपकली. मी तिला वलय दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आईंनी एक विचारायला सांगितलंय. पवईकर कायमचे आलेत, की आमच्या गणपतीसारखे दीड दिवसाचे?"

मी हसले. ती हसली नाही. तिने पर्स उघडली आणि आतून कागदाची घट्ट बांधलेली पुडी काढली.

"म्हणाल्या, दीड दिवसाचे असतील तर तिला ही उरलेली अर्धी दे."

म्हणजे मरोळच्या त्या फळीवर करवंटी रिकामी होती. चवथीपर्यंत रिकामी होता नये ती करवंटी. मी बजावून सांगितलं होतं, की यातून बहुधा काहीच निघणार नाही, तरीही.

मी कपाटातली एक नळी काढली आणि शैलाच्या हातात दिली. तळाशी करडी, कोरडी माती. तिने ती उजेडाकडे धरून हलवून पाहिली.

पुडी मी कपाळाला लावली आणि तिच्या पर्समध्ये परत ठेवली. "ही जाताना करवंटीत घाल," मी म्हटलं. "आणि मावशींना सांग, पवईकर राहायला आलेत."